शाळा अचानक बंद पडली तर घरोघरी खबर कशी पोचवायची? कोविडच्या वेळचे अनुभव सांगा

मयेवाली_आई | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत यंदा तिसरीला गेली आणि पालक-शिक्षक संघात ह्यावेळी माझं नाव घातलंय. मे महिन्यात परत कोविडच्या बातम्या यायला लागल्या, पाऊसही यंदा मे मध्येच कोसळला, म्हणून पहिल्याच मीटिंगला बाईंनी विषय काढला की उद्या साथ आली किंवा पूर आला आणि शाळा बंद ठेवायची पाळी आली तर घरोघरी कसं कळवायचं ते आत्ताच लिहून ठेवूया. त्यावर एकजण म्हणाले, "त्यात लिहायचं काय, ग्रुपवर मेसेज टाकायचा, झालं काम." सगळ्यांनी माना हलवल्या आणि विषय संपला. मला ते पटलं नाही.

माझ्या मोठ्याचं नाव जून २०२० ला पहिलीत घातलं होतं. तो वर्गात बसला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे दुसरी संपत आली तेव्हा. ते सगळे महिने त्याची शाळा म्हणजे माझ्या फोनवर जे काय येईल ते. आमच्या बाजूच्या घरात त्याच्याच वर्गातली मुलगी. त्या घरात फोन एकच, तो सकाळी सातला तिच्या बाबांबरोबर कंपनीत जायचा आणि रात्री आठला परत यायचा. तोवर ऑनलाइन वर्गाची वेळ गेलेली, अभ्यासाचे फोटो टाकायची मुदत गेलेली. ती मुलगी आज सहावीत आहे आणि अजून वाचताना अडखळते. हे मी जवळून बघितलंय, म्हणून "ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं" असं कोणी म्हटलं की माझा जीव वरखाली होतो.

तुमच्याकडे त्या वेळी शाळेची खबर कशी पोचत होती? काय जमलं, काय नाही? शिक्षक, नर्स, पंच कोणी असाल तर नक्की लिहा. पुढच्या शनिवारी परत मीटिंग आहे, त्याआधी मला एक पान तयार करायचंय.

कुळागर | १४ जून, रात्री १०:१२

चांगला विषय काढलात ताई. वाचत राहणार.

फोंड्याचो_आयटी | १४ जून, रात्री १०:३१

ताई, तुमचा मुद्दा २०२० पुरता बरोबर, पण आता पाच वर्षं झाली, फोन नाही असं घर मला तरी दिसत नाही. आमच्या शाळेत ग्रुप आहे आणि व्यवस्थित चालतो. एक सेटिंग मात्र नक्की करा, फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं. त्या काळात आमच्या ग्रुपवर बाईंनी एक सूचना टाकली की खाली चाळीस जण "धन्यवाद बाई", "ओके टीचर", हात जोडलेली चित्रं, वर सुप्रभातची फुलं, आणि सूचना गेली वर कुठे तरी. जो पालक रात्री फोन उघडतो त्याने ती शोधायची कशी? ग्रुप वाईट नाही, ग्रुप नीट वापरला पाहिजे.

सांगेकार | १४ जून, रात्री ११:०५

फोंड्यात बसून फोन सगळीकडे दिसतो ओ भाऊ. फोन आहे, रेंज नाही, त्याचं काय? २०२० च्या पावसात नेत्रावळी अभयारण्याच्या बाजूच्या आमच्या गावांतली पोरं रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत होती, पेपरात फोटो पण आले होते. माझा पुतण्या त्यांतलाच. छत्री एका हातात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीवरूनच बोट फिरवायचं, आणि पायाखाली जळवा. घरचं एक मोठं माणूस सोबत जायचं कारण रानात पोरांना एकटं कोण पाठवणार? म्हणजे त्या माणसाचा अर्धा दिवसाचा रोज बुडाला.

आमच्याकडे शेवटी जे चाललं ते वेगळंच. मास्तर आठवड्याचे अभ्यासाचे कागद गावच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, ठेवायचे. तांदूळ, साखर, कांदे न्यायला तिथे प्रत्येक घरातलं कोण ना कोण यायचंच. पसरकार वहीवर सही घ्यायचा आणि मागच्या आठवड्याचे भरलेले कागद ठेवून घ्यायचा. ज्या घराची सही दोन आठवडे नाही त्या घरी मास्तर स्वतः जायचे. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती सही. कोणाला पोचलं नाही हे कळण्याची ती एकच वाट होती.

मयेवाली_आई | १४ जून, रात्री ११:२०

सांगेकार, हे सोनं सांगितलंत. सहीची वही. लिहून घेतलं.

चोडणकार | १५ जून, सकाळी ७:४०

आमच्या वाड्यावर एका टीचरने पोदेराकडे, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याकडे, चिठ्ठ्या दिलेल्या. लॉकडाऊनच्या पहिल्या दिवसांत पाव पण बंद होता, पण नंतर पोदेर सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी तोच प्रत्येक दारात जायचा. पावाबरोबर गृहपाठ! आमची बारकी त्याच्या भोंग्याची पोंपों ऐकली की खाटेखाली लपायची :)

कुळागर | १५ जून, सकाळी ८:०२

@चोडणकार खाटेखाली, हाहा. पण कल्पना एक नंबर. पोदेराला कुठच्या घरात किती माणसं ते पंचायतीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

एकशिक्षकी | १५ जून, दुपारी २:१५

मी केपे तालुक्यात सरकारी प्राथमिक शिक्षक. एकशिक्षकी शाळा, म्हणजे पहिली ते चौथी मीच, मुख्याध्यापक मीच, घंटा पण मीच. थोडं लांब लिहितो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

आमच्याकडे पालकांच्या नंबरांची यादी होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर फोन लावायला बसलो तेव्हा कळलं की बरेच नंबर लागतच नाहीत. माझ्या वर्गात बाहेरून कामाला आलेल्यांची मुलं बरीच, कर्नाटकातली, झारखंडची. बांधकामावर असलेला माणूस रिचार्ज संपला की नवीन सिम घेतो, जुना नंबर गेला. एप्रिलमध्ये सरकारचं घरोघरचं सर्वेक्षण झालं त्यात आम्ही शिक्षक फिरलो. ते काम आरोग्याचं होतं, पण दारात उभं राहिल्यावर मला माझ्या मुलांची घरं पहिल्यांदा नीट दिसली. कोणाकडे फोन कोणाचा, तो दिवसा घरात असतो का, घरात वाचता येणारं कोण आहे, मूल दिवसभर कोणाकडे असतं. एका मुलाची आई वाचू शकत नव्हती पण त्याची चौथीतली बहीण सगळं वाचून दाखवायची. म्हणजे त्या घराला लिहायचं ते त्या बहिणीला समजेल असं लिहायचं.

तेव्हापासून मी नंबरांच्या यादीऐवजी एक रजिस्टर ठेवतो. प्रत्येक घराला अर्धं पान. फोन कोणाचा, किती वाजता घरी, वाचतं कोण, कुठची भाषा, फोन लागला नाही तर निरोप कोणाकडे द्यायचा. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाला येतो. बहुतेक घरांनी शेजारणीचं नाव दिलं, दोघांनी देवळाच्या पुजाऱ्याचं, एका घराने बांधकामावरच्या मुकादमाचं. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर मी ते मुलांकडूनच तपासून घेतो, "बाबांचा नंबर तोच आहे का रे?" मुलं बरोब्बर सांगतात.

अजून एक. माझ्याकडे वरून आदेश यायचा, तो भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून, इंग्रजीत, तीन पानी पीडीएफ. काही शाळांनी ती पीडीएफ तशीच पालकांना पुढे ढकलली. कोण वाचणार? मी त्यातलं आमच्या पालकांना लागू असलेलं तेवढं काढून चार ओळी लिहायचो आणि वर तारीख आणि क्रमांक टाकायचो. सूचना क्रमांक ७, सूचना क्रमांक ८. आठवी हातात आली आणि सातवी मिळालेलीच नाही, तर पालकच विचारायला येतात.

फोंड्याचो_आयटी | १५ जून, दुपारी ३:०१

सर, क्रमांकाची कल्पना झकास. पण रजिस्टर, सही, घरी जाणं, हे सगळं शिक्षकावरच टाकायचं का? शिकवायचं कधी? निवडणूक तुम्हीच, सर्वेक्षण तुम्हीच.

एकशिक्षकी | १५ जून, दुपारी ३:२५

बरोबर आहे तुमचं, म्हणूनच पालक-शिक्षक संघ हवा. डिसेंबर २०२० ला जिल्हा पंचायतीची निवडणूक लागली, मी ड्युटीवर होतो, त्या आठवड्यात वाड्यावाड्यावर कागद वाटले ते दोन आयांनी. वाड्याला एक पालक ठरवा, एका पालकाकडे सात-आठ घरं. त्याहून जास्त दिलीत तर होत नाही, लोक कंटाळतात.

नर्सबाय | १५ जून, रात्री ८:४५

मी आरोग्य केंद्रात नर्स. शाळेच्या सूचनेत आरोग्याचं किती लिहावं ह्यावर माझं ठाम मत आहे: थोडकं लिहावं आणि वर तारीख असावी. तारखेचं का म्हणते ते सांगते. घरी विलगीकरणात किती दिवस राहायचं हा नियम दोनदा तरी बदलला. मे २०२० मध्ये १७ दिवस, जुलै २०२० पासून १० दिवस, जानेवारी २०२२ ला ओमिक्रॉनच्या वेळी ७ दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नको. ते बदल बरोबरच होते, आजाराची माहिती वाढत गेली तसे नियम बदलले. पण फोनवर तिन्ही मेसेज फिरत होते, एकावरही तारीख नाही. एका आईने तिच्या पोराला १७ दिवस खोलीत ठेवलं तेही २०२२ मध्ये! तिने जुना मेसेज जपून ठेवला होता बिचारीने.

मास्कचं तसंच. जून २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शनात स्पष्ट होतं की ५ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क नको, ६ ते ११ च्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली चालेल. तरी बालवाडीतल्या बाळाला मास्क घालून आणलेलं मी बघितलंय, गुदमरून रडत होतं.

आता तुमच्या पानावर आरोग्याचं काय यावं ते. ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर मूल घरी ठेवा आणि शाळेला कळवा, खाडा लागेल म्हणून पाठवू नका. मूल जोरजोरात श्वास घेतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणी पण पीत नाही, सुस्त पडलंय, ओठ निळसर दिसतात, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली येतो, ह्यातलं एक जरी दिसलं तर वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा. तापावर घरातल्या मोठ्यांची ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. बास. बाकी काढा, नाकात लिंबू, कापूर हुंगणे असलं काही शाळेच्या नावाने पुढे जाता कामा नये.

आणि एक, जे कोणीच लिहीत नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे पाच-सहा वर्षांच्या मुलांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर कितीतरी घरांनी चुकवला, लोक आरोग्य केंद्रात यायलाच घाबरत होते. शाळा बंद असली तरी नेहमीचं लसीकरण चालू असतं, हे वाक्य सूचनेत घालाच घाला.

मयेवाली_आई | १५ जून, रात्री ९:१०

नर्सबाय, देव बरें करूं. डीपीटीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं.

मुरगावची_पोर | १५ जून, रात्री ९:५५

मी वास्कोची. जून २०२० ला कोविडमुळे इथला मांगोर हिलचा भाग बंद केला होता ते सगळ्यांना आठवत असेल. आम्ही त्या हद्दीच्या बाहेर राहायचो, तरी पत्त्यात वास्को ऐकलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे जायचा.

मला सांगायचंय ते वेगळं. माझ्या भावाच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी पॉझिटिव्ह निघाले आणि कोणीतरी पालकांच्या ग्रुपवर त्यांचं नाव, इमारतीचं नाव, मजला, सगळं टाकलं. वरून "सावध राहा". पाच मिनिटांत पुसलं, पण तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांच्या दारात दूधवाला येईना. मुलगा आठ वर्षांचा. शाळा सुरू झाली तेव्हा पोरं त्याला त्या नावाने हाक मारायची, आजाराच्या नावाने. त्याच्या आईने शेवटी शाळाच बदलली.

म्हणून ताई, तुमच्या पानावर ठळक लिहा की कोण आजारी आहे त्याचं नाव ग्रुपवर, फलकावर, कुठेच येणार नाही.

फोंड्याचो_आयटी | १५ जून, रात्री १०:२०

वाईट वाटलं वाचून. पण एक विचारतो, नाव सांगायचंच नाही तर त्या मुलाच्या बाजूला बसलेल्याने काय करायचं? त्याच्या घरी म्हातारी आजी असेल, तिचं काय?

नर्सबाय | १५ जून, रात्री १०:४०

जवळ आलेल्यांना एकेकाला फोन करून सांगायचं, ते काम आरोग्य केंद्र आणि शिक्षक मिळून करतात. त्यांना सुद्धा नाव सांगायची गरज नसते, "तुमचं मूल संपर्कात आलंय, इतके दिवस लक्ष ठेवा, आजीला वेगळं झोपवा" एवढं पुरतं. बाकी सगळ्या पालकांना फक्त वर्ग सांगायचा. लहान गावात लोकांना नाव कळणार हे मला माहीत आहे, पण ते शाळेच्या तोंडून कळता नये.

आकडेमोड | १६ जून, सकाळी १०:३०

सगळे खबर कशी द्यायची ह्यावर बोलताहेत, मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. प्राथमिक शाळा इतके महिने बंद ठेवायची गरज होती का? जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरनेच (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितलं होतं की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिकच्या उघडा, लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला झेलतात. त्याच वेळच्या चौथ्या सेरो (रक्ततपासणीच्या) सर्वेक्षणात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या होत्या, एकूण लोकसंख्येत ६७.६ टक्के. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. तरी आपल्याकडे आधी दहावी-बारावी, मग नववी, आणि सगळ्यात शेवटी पहिली-दुसरी. १४ फेब्रुवारी २०२२ ला त्याच शाळांत आपण रांगा लावून मतदान केलं आणि पोरं त्यानंतर आली.

साळ_नदी | १६ जून, सकाळी ११:१५

@आकडेमोड आकडे बरोबर असतील दादा. पण मे २०२१ आठवा. आमच्या वाड्यावर एका आठवड्यात तीन तिरड्या उठल्या, त्यात माझे काका. घराघरात म्हातारी माणसं, लस सगळ्यांना मिळाली नव्हती, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन करत होते. त्या दिवसांत कोण आपलं मूल शाळेत पाठवून संध्याकाळी आजोबांच्या मांडीवर बसवणार होतं?

आकडेमोड | १६ जून, सकाळी ११:४०

मे २०२१ बद्दल वाद नाहीच ताई, आणि तुमच्या काकांबद्दल ऐकून वाईट वाटलं. माझं म्हणणं त्यानंतरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरबद्दल. त्या वेळी पालकांना कोणी समोर बसवून सांगितलं असतं की धोका किती आहे आणि मूल घरी राहिल्याने काय जातंय, तर आठवड्यातून दोन दिवस तरी मोठ्या मुलांसारखं लहानांनाही आणता आलं असतं. आम्हाला फक्त तारखा कळवल्या, कारण कधीच कळवलं नाही.

एकशिक्षकी | १६ जून, दुपारी १:५०

ह्यात तथ्य आहे. कारण सांगितलं तर पालक ऐकतात. मी दोन महिने झाडाखाली तीन-तीन मुलांना बोलवायचो, पालकांनी स्वतःहून सांगितलं म्हणून.

बचतगट_पेडणे | १६ जून, संध्याकाळी ६:२०

मी इथं पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा बायकांचा स्वयंसाहाय्य गट, शाळांना माध्यान्ह आहार आम्ही देतो, पाव-भाजी, पुलाव वगैरे. मार्च २०२० ला आम्ही सकाळी वाटाणे भिजत घालून ठेवलेले. शाळा बंद झाली ते आम्हाला कोणी कळवलंच नाही. माझ्या जावेच्या पोराने सांगितलं तेव्हा कळलं. तेवढे वाटाणे वाड्यावर वाटले. नंतर कधी सुरू होणार ते पण कोणी सांगेना, एवढ्या बायकांची चूल त्यावर चालते. इतके महिने आम्ही कुणाच्याच यादीत नव्हतो.

आणि मुलांच्या वाटणीचं. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. शाळा बंद असेल तर ते धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून घरी द्यायचा असं केंद्राने मार्च २०२० लाच राज्यांना कळवलं होतं, ते मला खूप उशिरा एका शिक्षकाकडून कळलं. आमच्या गावात बऱ्याच पालकांना असा काही हक्क आहे हेच माहीत नव्हतं. ज्या घरात रोजच्या कमाईवर चालतं तिथल्या पोराचं दुपारचं पोटभर जेवण म्हणजे शाळेतलंच असतं, हे आम्ही वाढताना बघतो ना. तिसऱ्यांदा भाजी मागणारी पोरं कुठची ते आम्हाला चेहऱ्याने माहीत असतं. सूचनेत अभ्यासाचं लिहाल, तसं जेवणाचं पण लिहा.

मयेवाली_आई | १६ जून, संध्याकाळी ७:०५

ताई, चुकलं काहीच नाही, उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. यादीत आहाराचा गट पहिल्या ओळीत घालते. अंगणवाडीच्या बाई आणि शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशी पण.

बालरथ_काका | १६ जून, रात्री ८:१५

बालरथचे ड्रायव्हर पण घाला! अनुदानित शाळांकडे बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस, असते. गेल्या वर्षी जुलैत रेड अलर्टची सुट्टी जाहीर झाली तेव्हा मी सकाळी तीन स्टॉपवर थांबून आलो, पोरं पण थांबलेली, भिजत. सगळ्यांकडे मेसेज आलेला, फक्त कोणी बघितला नव्हता.

चोडणकार | १६ जून, रात्री ८:२२

म्हणजे पोदेर, पसरकार, बालरथ काका. मुख्यमंत्र्यांपेक्षा तगडं नेटवर्क :)

शिवोलीचो_नंदू | १६ जून, रात्री ८:५०

सूचना मराठीत का पण? घरात सगळे कोंकणी बोलतात. आमची आवय मराठी पेपर वाचते पण शाळेचं ते "उपरोक्त विषयास अनुसरून" वाचून तिला काय कळणार.

मराठी_बाणा | १६ जून, रात्री ९:०५

मराठी शाळेची सूचना मराठीतच असणार. आज सूचना कोंकणीत मागाल, उद्या शाळाच...

संपादक_मंडळ | १६ जून, रात्री ९:२०

माध्यमाचा वाद इथे नको, त्याला आधीचे तीन धागे आहेत. कृपया मूळ विषयावर या.

एकशिक्षकी | १६ जून, रात्री ९:४५

कामापुरतं सांगतो. कागदावर साधी मराठी, "शाळा सोमवारी बंद" इतकी साधी. सोबत फोनवर बोलून पाठवलेला निरोप, तो कोंकणीत. माझ्याकडच्या बाहेरच्या मुलांसाठी हिंदीत, आणि कन्नडमध्ये एका पालकाकडून बोलवून घेतो. वाचता न येणारी आजी सुद्धा ऐकते आणि दुसऱ्याला ऐकवते. एका मिनिटाच्या आत संपवायचं, लांब असलं तर लोक अर्ध्यात बंद करतात.

वाळपईकर | १७ जून, सकाळी ९:१०

उशिरा आलो. आमच्या सत्तरी तालुक्यात २०२१ मध्ये दोनदा सगळं ठप्प झालं. १६ मे ला तौक्ते वादळ, झाडं पडली, वीज गेली ती काही वाड्यांवर कितीतरी दिवस. फोन चार्ज करायला लोक गाडीत बसून राहायचे. मग २३ जुलैला म्हादईचा पूर, घरात कमरेएवढं पाणी, पोरांची पुस्तकं, अभ्यासाचे कागद, सगळा लगदा झाला. त्या वेळी फोन नाही, पसरा पाण्यात, पोदेर यायला रस्ता नाही. शेवटी कामाला आला तो देवळातला लाउडस्पीकर, जनरेटरवर. जेवण कुठे मिळतं, पुस्तकं भिजली असतील तर नावं कुठे द्यायची, सगळं त्यावरून. म्हणून ताई, साथीचं पान करताना वीज नाही हे गृहीत धरून पण एक ओळ असू द्या. साथ चालू असताना पूर थांबून राहत नाही.

फोंड्याचो_आयटी | १७ जून, सकाळी ९:५५

हे वाचून माझं मत बदललं म्हणायला हरकत नाही. ग्रुप पहिला राहू दे, लवकर जातो म्हणून, पण तो पोचला की नाही हे तपासायला माणूस हवाच. मी एक काम करतो, सरांच्या रजिस्टरच्या अर्ध्या पानाचा छापायचा नमुना बनवून देतो. साध्या झेरॉक्सवर येईल असा, ए-फोरवर दोन घरं.

मयेवाली_आई | १८ जून, रात्री १०:३०

मंडळी, दोन रात्री बसून पान तयार केलंय, वाचून बघा आणि बिनधास्त कापा.

वर शाळेचं नाव, तारीख आणि सूचना क्रमांक. सूचना एकाच माणसाची, मुख्याध्यापक बाईंची, त्या नसतील तर कोणाची ते नाव आधीच ठरलेलं. पहिल्या ओळीत शाळा कधीपासून बंद, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात पुढची खबर कुठच्या दिवशी येणार, मग ती "अजून काही ठरलं नाही" अशी का असेना. त्याखाली जेवणाचं: धान्य आणि भत्ता कधी, कुठे, कोणाला विचारायचं. मग अभ्यासाचे कागद कुठे ठेवलेत. मग नर्सबायनी सांगितलेल्या आरोग्याच्या ओळी, आरोग्य केंद्राचा नंबर, १०८, आणि नेहमीच्या लसी चालू आहेत हे. सगळ्यात खाली ठळक: आजारी मुलाचं किंवा घराचं नाव कोणीही कुठेही टाकायचं नाही.

पोचवायचं असं: आधी ग्रुपवर, फक्त ॲडमिन. लगेच बोललेला निरोप. त्याच संध्याकाळी प्रत्येक वाड्याचा पालक आपल्या सात-आठ घरांत विचारून येणार आणि वहीत सही घेणार. साथीमुळे दारात जाता येत नसेल तर गडग्यापाशी (कुंपणापाशी) उभं राहून हाक मारायची, सहीऐवजी पालकानेच खूण करायची. पंचायतीच्या फलकावर आणि पसऱ्यावर एकेक प्रत. वीज नसेल तर देवळाचा लाउडस्पीकर, त्यासाठी देवस्थान समितीशी आधीच बोलून ठेवणार, आमच्या गावात चॅपलच्या फादरना पण. आहाराचा गट, अंगणवाडी, मावशी ह्यांना पालकांच्या आधी फोन.

नर्सबाय | १८ जून, रात्री १०:५०

छान झालंय. एक दुरुस्ती. घरांची माहिती असलेलं रजिस्टर कपाटात कुलपात ठेवा. वाड्याच्या पालकाकडे फक्त त्याच्या घरांचा कागद द्या. सगळ्यांचे नंबर एकत्र छापून वाटू नका.

मुरगावची_पोर | १८ जून, रात्री ११:०२

आणि बदली झाली की बाईंनी ते रजिस्टर पुढच्या बाईंच्या हातात द्यायचं, हे पण लिहा. नाहीतर सगळं परत पहिल्यापासून.

आकडेमोड | १८ जून, रात्री ११:१०

"कारण" ही ओळ घातल्याबद्दल आभार. ती दोन वाक्यांची तरी करा. एका शब्दात "कोविडमुळे" असं लिहून चालणार नाही.

सांगेकार | १९ जून, सकाळी ७:१५

एकदा कोरडी चाचणी घ्या ताई. ऑगस्टमध्ये चवथीच्या सुट्टीची खबर ह्याच वाटेने पाठवून बघा, ग्रुपवर न टाकता. कुठचं घर राहतं ते कळेल.

एकशिक्षकी | १९ जून, सकाळी ७:५०

@सांगेकार उत्तम. ग्रुपवर न टाकता हे महत्त्वाचं. मी पण माझ्या शाळेत करतो आणि काय झालं ते इथे लिहितो. ताई, कन्नडमधला निरोप हवा असेल तर आमच्या पालकांकडून बोलवून पाठवतो, सूचना पक्की झाली की मेसेज करा.

मयेवाली_आई | १९ जून, सकाळी ८:३०

हो सर, हवाय, आमच्याकडे चार घरं आहेत. शनिवारी मीटिंगमध्ये पान वाचून दाखवते आणि वाड्यांचे पालक तिथल्या तिथे ठरवून घेते. फोंड्याचो_आयटी, तुमचा नमुना शुक्रवारपर्यंत मिळाला तर झेरॉक्स काढता येतील.

फोंड्याचो_आयटी | १९ जून, सकाळी ८:३४

आज रात्री पाठवतो.